प्रश्न टाकला आणि सात मिनिटांत बंद! या फुकट प्रश्नोत्तर साइटींवर वागायचं तरी कसं?

रात्रपाळी (धागाकर्ता), सोमवार, रात्री २.१०

लोकहो, डोकं फिरलंय म्हणून लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी सर्व्हर सांभाळतो, तीन वर्षं झाली, त्यातली दीड वर्षं रात्रीची शिफ्ट, म्हणजे काही बिघडलं तर विचारायला शेजारी कोणी नाही. दोन महिन्यांपूर्वी एका लिनक्स मशीनचा अलर्ट आला, डिस्क १०० टक्के भरली. शोधाशोध केली तर एकच लॉग फाइल (प्रोग्रॅम स्वतःच्या नोंदी लिहितो ती) ३८ जीबीची झालेली. म्हटलं सापडला चोर, उडवली. परत बघितलं तर डिस्क अजून १०० टक्केच! फाइल गेली आणि जागाही गेलेलीच. तिकडे अ‍ॅप्लिकेशन 'नो स्पेस लेफ्ट' म्हणून बोंबलतंय, फोन वाजतोय, आणि मी घाईघाईत आयटीवाल्यांच्या एका फुकट प्रश्नोत्तर साइटवर (नाव घेत नाही, उगाच वाद नको) प्रश्न टाकला.

सात मिनिटं. सात मिनिटांत उणे चार मतं, 'तपशील अपुरे' म्हणून प्रश्न बंद, आणि एका महाशयांची कॉमेंट, 'तुम्ही काय काय करून बघितलंत?' अहो, करून बघितलं म्हणूनच विचारतोय ना! शेवटी मशीन रीबूट केलं, जागा मोकळी झाली. का झाली देव जाणे. मॅनेजरला 'टेम्पररी इश्यू होता' असं कळवून मोकळा झालो.

आज परत तेच झालं, तेच मशीन. या वेळी साइटवर गेलोच नाही, सरळ चॅटबॉटला विचारलं, तो निदान गोड बोलतो. पण त्याने दहा गोष्टी सांगितल्या त्यातल्या आठ मला माहीत होत्या आणि नवव्या कमांडला त्याने दिलेला ऑप्शन माझ्या मशीनवर अस्तित्वातच नाही. परत रीबूट.

तर विचारायचं असं की तुम्ही लोक या साइटी अजून वापरता का? की आता फक्त जुनी उत्तरं वाचायला जायचं आणि आपण काही विचारायच्या भानगडीत पडायचं नाही? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

लॉगवाचक, सोमवार, रात्री २.३५

आधी तुमची डिस्क बघू, बाकीचं नंतर.

तुम्ही उडवलंत ते फाइलचं नाव, फाइल नाही. लिनक्समध्ये एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) फाइल उघडून ठेवली असेल आणि तुम्ही आरएम (फाइल काढायची कमांड) मारलंत तर डिरेक्टरीतून नाव जातं, पण ती प्रोसेस फाइल सोडत नाही तोवर आतला डेटा जागचा हलत नाही. म्हणून जागा मोजणाऱ्या डीयू आणि डीएफ या कमांडचे आकडे जुळत नाहीत, डीयू नावं धरून फोल्डरोफोल्डर हिंडते, तिला नावच सापडत नाही, आणि डीएफ थेट फाइलसिस्टिमला विचारते, तिथे ब्लॉक अजून भरलेलेच. रीबूटने जागा सुटली कारण रीबूटमध्ये ती प्रोसेस मेली. नुसती सर्व्हिस रीस्टार्ट केली असती तरी भागलं असतं.

पुढच्या वेळी एलएसओएफ कमांडला प्लस एल वन (+L1) देऊन चालवा, नाव गेलेल्या पण उघड्या असलेल्या फाइलींची यादी येते, शेवटी 'डिलीटेड' असं लिहिलेलं दिसेल. आणि चालू लॉग कधी आरएम करू नका, रिकामा करा.

नुसता_वाचक, सोमवार, सकाळी ८.०५

त्या साइटी म्हणजे सासुरवास आहे. तोंड उघडलं की चूक. मी २०१५ पासून वाचतोय, एकदाही प्रश्न विचारलेला नाही, हिंमतच होत नाही. पण नोकरी मात्र त्यांच्याच जिवावर टिकलीये हेही खरं.

रात्रपाळी, सोमवार, सकाळी ८.४०

@लॉगवाचक, दोन महिने छळणारी गोष्ट तुम्ही पंचवीस मिनिटांत सांगितलीत. हेच तिथे कोणी का सांगू नये?

जुना_अ‍ॅडमिन, सोमवार, सकाळी १०.२०

सांगता आलं नसतं म्हणून. तुमचा मूळ प्रश्न इथे डकवा बरं, मग बोलू. तोवर थोडा इतिहास ऐका, माझ्या वयाला शोभतो.

पूर्वी आम्ही यूजनेटवर (इंटरनेटवरचे जुने चर्चागट) आणि मेलिंग लिस्टवर विचारायचो. उत्तरं चांगली यायची पण त्यांचा माग लागायचा नाही. मग फोरम आले, त्यात एकाच धाग्याची चाळीस पानं आणि कामाचं उत्तर सत्ताविसाव्या पानावर, मध्ये सगळी 'मलाही हाच प्रॉब्लेम आहे' आणि शेवटी मूळ माणूस येऊन लिहितो 'झालं एकदाचं, सगळ्यांचे आभार', आणि गायब! काय केल्यावर झालं ते नाहीच लिहिलेलं. असा धागा रात्री तीन वाजता सापडला की त्या माणसाला शोधून काढून जाब विचारावासा वाटतो.

मग १९९६ पासूनची ती प्रश्नोत्तर साइट, एक्सपर्ट्स एक्स्चेंज. गुगलमध्ये प्रश्न दिसायचा, आत गेलं की उत्तर झाकलेलं, पैसे भरा म्हणे. आम्ही लबाड लोक पान थेट तळापर्यंत ओढायचो, कारण गुगलला दाखवायला उत्तरं तिथे खाली ठेवलेली असायची. (त्यांच्या पत्त्यात दोन शब्दांमध्ये रेघ नंतर आली, का आली ते इंग्रजीत रेघेशिवाय लिहून बघा, खिक्.)

या सगळ्याला कंटाळून जोएल स्पोल्स्की आणि जेफ अ‍ॅटवुड यांनी सप्टेंबर २००८ मध्ये प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांचं स्टॅक ओव्हरफ्लो सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, आपल्यासारख्या सर्व्हर-नेटवर्कवाल्यांसाठी सर्व्हर फॉल्ट आणि घरच्या कॉम्प्युटरच्या प्रश्नांसाठी सुपर युजर. तीन गोष्टी वेगळ्या केल्या. पैसे नाहीत. उत्तरं मतांप्रमाणे वरखाली. आणि सगळं लिखाण क्रिएटिव्ह कॉमन्सच्या लायसन्सखाली, म्हणजे उद्या कंपनीने दार लावून घेतलं तरी आत्तापर्यंतचं कोणीही उचलून दुसरीकडे मांडू शकतो, मूळ लेखकाचं नाव दिलं आणि तेच लायसन्स पुढे ठेवलं की झालं.

आता तुमचा राग. तुम्हाला वाटतं तो प्रश्न तुमचा. साइट चालवणाऱ्यांना वाटतं तो पुढच्या पाच वर्षांत गुगलवरून येणाऱ्या हजार जणांचा. तुमची रात्र, तुमचा फोन, तुमचा मॅनेजर यांच्याशी त्या हजारांना देणंघेणं नाही. सगळी भांडणं या एका गोष्टीवरून होतात. हेल्पडेस्क समजून गेलात तर अपमान होणारच, सार्वजनिक वही समजून गेलात तर मग तिथले नियम तेवढे जाचक वाटत नाहीत.

तिसरा_डोळा, सोमवार, सकाळी ११.५५

जुनेजाणते म्हणतात ते बरोबर, पण अर्धंच. मी काही वर्षं तिथे इमाने-इतबारे उत्तरं दिलीत, आतलं माहितीये म्हणून सांगते.

'आधी शोधलंत का?' हा प्रश्न ज्याला उत्तर माहीत आहे तोच विचारू शकतो. धागाकर्त्याला 'नाव गेलेली पण उघडी असलेली फाइल' हे शब्द ठाऊक असते तर त्याने दोन मिनिटांत शोधून काढलं असतं. त्याला फक्त लक्षण दिसत होतं, फाइल उडवली तरी जागा नाही. नवख्याकडे लक्षण असतं, रोगाचं नाव नसतं, आणि सर्च चालतो रोगाच्या नावाने. म्हणून डुप्लिकेट म्हणून बंद केलेले प्रश्न डिलीट करायचे नसतात, ते रस्त्यावरचे फलक असतात. लक्षणाच्या शब्दांत विचारलेला प्रश्न, वर लिंक, लिंकवर क्लिक केलं की रोगाच्या नावाचं उत्तर. यंत्रणा छान आहे हो, फक्त बंद करणारा माणूस तो फलक कसा लावतो यावर सगळं आहे. 'आधीच विचारलंय' म्हणून तोडलं तर समोरच्याला थोबाडीत बसल्यासारखं वाटतं, तेच 'तुमचं उत्तर इथे आहे, नाही लागू पडलं तर का नाही ते लिहा' म्हटलं की तोच माणूस आभार मानतो.

दुसरं, मतांतून मिळणाऱ्या गुणांची गंमत बघा. मत द्यायला १५ गुण लागतात, दुसऱ्याच्या प्रश्नाखाली साधी कॉमेंट करायला ५०, उणे मत द्यायला १२५, बंद करण्यासाठी मत द्यायला ३०००. म्हणजे नवा माणूस पूर्ण उत्तर लिहू शकतो पण 'दादा, व्हर्जन कुठली?' एवढं विचारू शकत नाही! मग तो बिचारा उत्तराच्या जागी कॉमेंट लिहितो आणि ते उडवलं जातं. शिवाय उत्तराला उणे मत दिलं तर देणाऱ्याचाही एक गुण जातो, प्रश्नाला दिलं तर काहीच जात नाही. म्हणून प्रश्नांवर हात जरा सैलच सुटतो.

रात्रपाळी, सोमवार, दुपारी १.१५

हा घ्या मूळ प्रश्न. हसू नका.

'डिस्क फुल अर्जंट हेल्प प्लीज!!! माझ्या सर्व्हरची डिस्क फुल आहे. मी मोठी फाइल डिलीट केली तरी काही फरक नाही. सगळं करून बघितलं. प्रॉडक्शन डाउन आहे. लवकर सांगा.'

जुना_अ‍ॅडमिन, सोमवार, दुपारी १.४०

:) हसलो नाही. बरं थोडा हसलो.

यात ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव नाही. कुठली फाइल, कशाने उघडलेली, नाही. 'सगळं करून बघितलं' म्हणजे काय, नाही. 'अर्जंट' मात्र दोनदा आहे, एकदा शब्दात आणि एकदा उद्गारचिन्हांत. तुमच्यासारखाच नोकरी सांभाळून वाचणारा माणूस याचं काय करणार? आयनोड (डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदींच्या जागा) संपले असतील तरी हाच प्रश्न, एक्सटी४ या फाइलसिस्टिमचे रूटसाठी (मुख्य युजरसाठी) राखीव ठेवलेले पाच टक्के आड येत असतील तरी हाच प्रश्न, उघडी फाइल असेल तरी हाच. तिघांची उत्तरं वेगळी.

आता हेच बघा: 'लिनक्स, एक्सटी४, व्हार पार्टिशन. डीएफ म्हणते १०० टक्के, त्याच पार्टिशनवर डीयूची बेरीज ३८ जीबीने कमी. त्याआधी मी चालू जावा सर्व्हिसची ३८ जीबीची लॉग फाइल आरएमने काढली. आयनोड ४ टक्केच वापरलेत. दोघांच्या आकड्यांत एवढी तफावत का?' खाली दोन्ही कमांडचं आउटपुट जसंच्या तसं. याला दोन मिनिटांत उत्तर येतं, आणि गंमत म्हणजे ३८ आणि ३८ शेजारी लिहिल्यावर लिहिणाऱ्यालाच अर्धं कळतं.

शून्यमार्ग, सोमवार, दुपारी ३.३०

'जसंच्या तसं' या दोन शब्दांवर माझ्याकडून एक किस्सा.

डीएनएसचा (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) प्रश्न होता. एका गृहस्थाने झोन फाइल (डोमेनच्या नावा-पत्त्यांची यादी) डकवली, मेल पोचत नाही म्हणे. कंपनीचं नाव कळू नये म्हणून डोमेन हाताने बदलून लिहिलेलं. आम्ही चारपाच जण दोन दिवस त्या फाइलीकडे बघतोय, फाइल निर्दोष. टीटीएल झाला, फायरवॉल झाली, सीरियल नंबर वाढवलात का हेही विचारून झालं. शेवटी वैतागून एकाने विनवलं की बाबा रे, खरी ओळ टाक. टाकली. होस्टनेमच्या शेवटी टिंब नव्हतं! बाइंड या डीएनएस सर्व्हरमध्ये शेवटी टिंब नसलं की तो पूर्ण डोमेन पुन्हा मागे जोडतो, म्हणजे नावाला नाव चिकटून भलतंच नाव तयार. आणि याने नाव लपवताना ओळ नव्याने टाइप केली आणि सवयीने टिंब दिलं, म्हणजे दोष तेवढा नेमका दुरुस्त करून आम्हाला दाखवला.

लपवायचंच असेल तर एडिटरमध्ये फाइंड-रिप्लेस करा, हाताने टाइप करू नका. त्यासाठी राखून ठेवलेली नावं आहेत, एक्झाम्पल डॉट कॉम हे १९९९ च्या आरएफसी २६०६ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) खास उदाहरणांसाठी ठेवलंय, आयपीसाठी १९२.०.२ ने सुरू होणारी रेंज आहे, आरएफसी ५७३७. लोक तिसऱ्याच कुणाचं खरं डोमेन ठोकून देतात, ते नको. आणि १९२.१६८ वाले प्रायव्हेट पत्ते लपवून काय मिळतं मला आजवर कळलेलं नाही, ते जगात सगळ्यांकडे तेच आहेत.

पासवर्ड चुकून डकवला गेला तर? नुसतं एडिट करून काढू नका, जुनी आवृत्ती एडिट हिस्टरीत कोणालाही दिसते. पासवर्ड बदला, लगेच.

नुसता_वाचक, सोमवार, दुपारी ४.००

टिंबाचा किस्सा भारी. वाचनखूण साठवली.

कोरा_कॉन्फिग, सोमवार, संध्याकाळी ६.१०

मी जरा वेगळी काडी टाकतो. एवढे उपद्व्याप करायचेच कशाला? चॅटबॉट आहे ना. तो उणे मत देत नाही, रात्री तीनलाही जागा असतो, दहादा विचारलं तरी कंटाळत नाही. स्टॅक ओव्हरफ्लोवर नव्या प्रश्नांचा ओघ चॅटजीपीटी आल्यापासून केवढा आटलाय ते उघड आहे. लोकांनी पायांनी मतदान केलंय. म्हाताऱ्यांनी नियमांची वही कवटाळून बसावं खुशाल.

तिसरा_डोळा, सोमवार, रात्री ९.२५

कोरा, म्हातारी म्हटल्याबद्दल आभार :)

बॉट मीही वापरते, रोज, लाज नाही. पण तो शिकला कुठून? २००८ पासून लोकांनी रात्री जागून फुकट लिहिलेल्या त्याच उत्तरांवरून. जुन्या बिघाडांवर तो चांगला बोलतो कारण ते कोणीतरी लिहून ठेवलेत. नव्या व्हर्जनचा नवा बिघाड आला की त्याला कुठून कळणार? आज तू त्याच्याशी दोन तास डोकं लावून उत्तर शोधलंस तर ते तुझ्या खिडकीत राहिलं, उद्या तोच बिघाड मला आला तर मला परत दोन तास. 'झालं एकदाचं' लिहून गायब होणाऱ्या माणसावर सगळे चिडता ना, बॉटशी बोलून खिडकी बंद करणारे आपण सगळे तेच करतोय, फक्त आता कोणाला दिसत नाही एवढंच.

आणि डिसेंबर २०२२ आठवतो का? चॅटजीपीटी येऊन आठवडाही झाला नव्हता आणि स्टॅक ओव्हरफ्लोने त्याची उत्तरं डकवायला बंदी घातली. कारण साधं होतं, उत्तर दिसायला इतकं नेटकं की चुकीचं आहे हे कळायला जाणकाराला वेळ घालवावा लागतो, आणि तयार करायला मात्र दहा सेकंद. तपासणारे मूठभर, डकवणारे हजारो. पुढे २०२३ च्या उन्हाळ्यात मॉडरेटर लोकांनी संप केला तो यावरूनच, कंपनीने अशी उत्तरं काढायच्या त्यांच्या अधिकारावर मर्यादा आणल्या म्हणून. आणि मे २०२४ मध्ये कंपनीने चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयशी करार जाहीर केला तेव्हा काही जणांनी रागाने आपली जुनी उत्तरं पुसायला घेतली, ती मॉडरेटरनी परत जागेवर आणली. लायसन्स देऊन बसलोय ना, परत घेता येत नाही. मला दोन्ही बाजू कळतात. माझीही बरीच उत्तरं आहेत तिथे, मी पुसली नाहीत. कंपनी २०२१ मध्ये प्रोसस नावाच्या कंपनीने १.८ अब्ज डॉलरला घेतली, त्यातलं लिहिणाऱ्यांच्या वाट्याला शून्य आलं, हे मनाला लागतंच. पण पुसून नुकसान कोणाचं? रात्रपाळीचं.

कोरा_कॉन्फिग, सोमवार, रात्री ९.५०

हम्म. खिडकीचा मुद्दा पटला. बाकी माझं मत तेच.

शून्यमार्ग, मंगळवार, सकाळी ७.४५

बॉटला नावं ठेवताना आपलं घरही बघावं. तिथली हिरव्या टिकचिन्हाची उत्तरं डोळे झाकून घेऊ नका. टिकचिन्ह म्हणजे 'विचारणाऱ्याचं काम झालं' एवढंच. परमिशन डिनाइड आलं? ७७७ द्या, म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क. एसईलिनक्स (लिनक्सचा सुरक्षा पहारेकरी) आडवा येतोय? बंद करून टाका. झालं काम, मिळाली टिक, आणि दार सताड उघडं. खाली तिसऱ्या नंबरवर कोणीतरी फाइलला एसईलिनक्सचा नीट कॉन्टेक्स्ट (लेबल) कसा लावायचा ते लिहिलेलं असतं, तिथपर्यंत कोण जातंय! निदान २०२१ पासून स्टॅक ओव्हरफ्लोवर टिकवालं उत्तर आपोआप सगळ्यात वर चिकटून राहत नाही, मतांप्रमाणे लागतं. उत्तराची तारीख बघायची सवय लावा, २०११ चं उत्तर तेव्हा बरोबरच होतं.

आणि प्रश्नही सगळे खरे नसतात. एप्रिल २०१६ मध्ये सर्व्हर फॉल्टवर एकाने लिहिलं, अनेक सर्व्हर एकदम हाताळणाऱ्या अ‍ॅन्सिबलच्या स्क्रिप्टमध्ये आरएमच्या पुढचे दोन व्हेरिएबल रिकामे राहिले, म्हणजे कमांड थेट मुळावरच (सगळ्यात वरच्या फोल्डरवर) चालली, सगळे सर्व्हर पुसले गेले, बॅकअपही गेले, दीड हजारावर गिऱ्हाईकं, आता काय करू? जगभरच्या बातम्यांत आलं, 'एका कमांडने कंपनी बुडवली' वगैरे. नंतर निघालं की सगळा बनाव, जाहिरातीसाठी. तिथल्या काही जणांना आधीच वास आला होता, कारण जीएनयूच्या आरएममध्ये मुळाला हात न लावण्याचा बचाव २००६ पासून आपोआप चालू असतो. वर्तमानपत्रांनी एवढं कुठे बघितलं!

खरे प्रश्न मात्र याहून भन्नाट असतात. २०११ मधला तो ऑडिटरवाला काढून वाचा, ऑडिटर म्हणतो सगळ्या सर्व्हरवरच्या युजरांची नावं आणि पासवर्ड साध्या अक्षरांत द्या, शिवाय सहा महिन्यांतले बदललेले पासवर्डही. उत्तरं वाचून पोट दुखलं होतं.

नुसता_वाचक, मंगळवार, सकाळी ९.३०

एक बाळबोध प्रश्न. लोक फुकट उत्तरं देतात तरी का?

लॉगवाचक, मंगळवार, सकाळी १०.१५

सुरुवातीला आकड्यासाठी, खोटं कशाला बोला. एका मताला दहा गुण, सकाळी उठल्यावर आधी तो आकडा बघायचो. ती नशा वर्षभरात उतरते. मग राहतं ते असं की दुसऱ्याच्या मशीनवरचे बिघाड आधी वाचून होतात. वीपीएनवरून पिंग चालतं, लॉगिनही होतं, पण मोठी डिरेक्टरी दाखवायला सांगितली की सेशन गोठतं, हे मी आधी तिथे वाचलं होतं. मधल्या फायरवॉलने आयसीएमपी (नेटवर्कचे अडचण कळवणारे निरोप) अडवलं की मोठं पॅकेट वाटेत गडप होतं आणि कोणी कळवतही नाही. आमच्याकडे वर्षभराने तंतोतंत हेच झालं, तुकडे न करण्याचा फ्लॅग लावून १४७२ बाइटचं पिंग मारलं, गेलं नाही, १३७२ चं गेलं, तिढा तिथेच सुटला. टीममधल्यांना वाटलं मी जादूगार. मी काही बोललो नाही.

रात्रपाळी, गुरुवार, पहाटे ३.२०

अपडेट देतोय, आणि काय केल्यावर झालं तेही लिहितोय, नाहीतर जुना_अ‍ॅडमिन शोधत येतील.

मंगळवारी लॉगरोटेट (वाढलेले लॉग ठरावीक वेळी बाजूला काढणारा प्रोग्रॅम) लावलं, कॉपीट्रंकेटवालं, म्हणजे लॉगची कॉपी काढून मूळ फाइल जागेवरच रिकामी होते, सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागत नाही. काल रात्री ते चाललं, फाइल शून्य झाली, मी खूश. दहा सेकंदांनी परत एलएस (फाइलींची यादी आणि लांबी दाखवणारी कमांड) मारलं तर फाइल ४१ जीबी!! दहा सेकंदांत ४१ जीबी कोण लिहिणार? आणि त्याच फाइलला डीयू म्हणते ३ एमबी. डीएफही म्हणते जागा आहे. पण आमचा अलर्ट एलएसवाला आकडा बघतो, तो बोंबलायला लागला.

या वेळी घाबरत घाबरत त्याच साइटवर गेलो. शीर्षक, 'लॉग ट्रंकेट केल्यावर एलएस ४१ जीबी दाखवते, डीयू ३ एमबी'. खाली दोन्ही आउटपुट, लॉगरोटेटची कॉन्फिग, सर्व्हिस कशी चालू होते ती स्क्रिप्ट. फाइंड-रिप्लेस करून :) वीस मिनिटांत एकाने उत्तर लिहिलं, स्क्रिप्टची ती ओळ बघा, आउटपुट फाइलमध्ये वळवताना एकच बाण (>) आहे. एका बाणाने उघडलेल्या फाइलमध्ये प्रोसेसला आपण कुठवर लिहिलं ते लक्षात असतं, फाइल मागून रिकामी केली तरी ती पुढची ओळ ४१ जीबीच्या खुणेवरच जाऊन लिहिते, मधलं सगळं पोकळ. पोकळीला जागा लागत नाही म्हणून डीयू ३ एमबी, पण लांबी मोजली तर ४१ जीबी. दोन बाण (>>) दिले की प्रत्येक वेळी फाइलच्या शेवटाला लिहिलं जातं.

एकाचे दोन बाण केले, सर्व्हिस रीस्टार्ट, लॉगरोटेट हाताने चालवून बघितलं, एलएस आणि डीयू दोघांचं एकमत झालं. उत्तर लिहिणाऱ्याला टिक दिली. जुना बंद प्रश्नही नीट लिहून काढला, तो आता डुप्लिकेट म्हणून बंद आहे, वर लिंक आलीये. उणे चारचे उणे एक झाले.

आता एकच शंका उरलीये, कॉपी काढणं आणि रिकामी करणं यांच्या मधल्या क्षणात ज्या ओळी लिहिल्या जातात त्या हरवतात असं वाचलं. ते टाळायला काय करायचं? इथेच सांगितलंत तर बरं होईल.

लॉगवाचक, गुरुवार, सकाळी ७.१०

हा वेगळा प्रश्न आहे, वेगळा धागा काढा. आणि लॉगरोटेटची व्हर्जन लिहा.

नुसता_वाचक, गुरुवार, सकाळी ७.३०

सासुरवास!! :)